कोणत्या फळीवर

वूच शहरात, पिओत्रकोव्स्का रस्त्याच्या मागच्या अंगाला,
सायकल दुरुस्तीवाला आणि दातांचा दवाखाना
यांच्या बेचक्यात ग्रात्स्यान यांचं दुकान.
पाटीवर लिहिलंय : फक्त जुने गेम.
'फक्त'खाली त्यांनी स्वतः ब्रशनं रेघ ओढलीय.

मी तिथं गुरुवार ते शनिवार असतो.
कापूस आणि स्पिरिट घेऊन कार्ट्रिजांचे दात घासतो,
मेलेल्या बॅटऱ्या काढून नव्या डाखतो,
आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगतो
की बॅटरी बदलली की आत जपलेला डाव जातो.
बहुतेक जण चालेल म्हणतात.
एक जण नाही म्हणाला.
घेऊन गेला तसंच, मरू घातलेलं,
कोटाच्या आतल्या खिशात.

नोव्हेंबरात कालिना आली.
ट्रामच्या डेपोत रात्रपाळी करून थेट इकडे,
नखांत अजून ग्रीस.
काउंटरवर बारा कार्ट्रिजं मांडली,
पेगाससमध्ये बसतील अशी, पिवळीधमक.
लेबलं घरीच छापलेली,
एकाचा कोपरा आत्ताच सुटलेला.
"माझा गेम आहे. तीन वर्षं लागली."
ग्रात्स्याननी चष्मा कपाळावर चढवला.
"कोणत्या सालचा?"
"गेल्या मंगळवारचा."

दुकानात माणसं चार होती, मतं सात झाली.
मिरोन म्हणाला, आज एक ठेवाल, उद्या भिंत भरेल.
मी इथं येतो
तो इथं नवं काही नसतं म्हणून.
दवाखान्याच्या हान्काबाई जेवणाच्या सुट्टीत डोकावल्या होत्या :
शिळ्या कढीला किती दिवस ऊत आणाल?
जुने गेम काय झाडाला लागतात?
ते मात्र खरं होतं.
वर्षभर माल येत नव्हता,
आणि ग्रात्स्यान उरलेले डबे ऐसपैस मांडत होते,
टक्कल पडणारा माणूस केस पसरतो तसे.

"क्लासिक म्हणजे," ते म्हणाले,
"काळाच्या चाळणीतून उरलेलं.
ह्याला कुणी चाळलंय?"
"मग वीस वर्षं दाराबाहेर उभी राहू?
थंडी आहे हो."

शेवटी लावलाच.
पडद्यावर कापडगिरणी. एक बाई, मूठभर ठिपक्यांची,
मागांच्या रांगांतून धावते,
तुटला धागा की गाठ मारते,
भोंगा होईपर्यंत.
मारायला कुणी नाही.
मुकादमाची सावली येते नि जाते.
तिसऱ्या पातळीवर एक खिडकी आहे, उघडता येते.
तिचे गुण मिळत नाहीत.
ग्रात्स्याननी ती उघडली
आणि तेवढ्यात चार धागे गमावले.

मग आत गेले, बराच वेळ गेले,
आणि बुटांचा एक खोका घेऊन आले.
ब्याण्णव साली बाजारात
घडीच्या खाटेवर मांडून ते विकायचे ती कार्ट्रिजं.
सगळी चोरून उतरवलेली.
लेबलावर एकशे अडुसष्ट गेम, आत चार,
तेच ते, नावं बदलून.
"लेबलं मीच कापायचो रात्री. स्पेलिंगसुद्धा माझंच."
आज त्यातल्या एकेकाचे तीनशे झ्लॉटी येतात.
कुणी हसलं नाही.
मिरोननं दोन विकत घेतली होती त्यातली.

"केवढ्याला देणार?"
कालिनानं आकडा सांगितला.
"कमी आहे," ते म्हणाले,
आणि डिंकाची बाटली शोधून
तो सुटलेला कोपरा चिकटवू लागले.
हो म्हणाले नाहीत. अजूनही म्हटलेलं नाही.

कार्ट्रिजं सध्या खिडकीत आहेत,
कारण कोणत्या फळीवर ठेवायची ते ठरत नाही.
मिरोन आला की त्यांची तोंडं भिंतीकडे करतो.
तो गेला की मी पुन्हा वळवतो.
ग्रात्स्यान दोघांनाही पाहतात आणि हिशेब लिहितात.

काल तो आतल्या खिशाचा माणूस आला.
एक पिवळं उचललं, कानाशी हलवून पाहिलं,
आणि विचारलं,
ह्यातली बॅटरी किती वर्षं जाईल?
मी म्हणालो, सांगता येत नाही.
अजून कुणी काही जपलेलं नाही तिच्यात.